खांद्यावरची पिन

मापालेसाबाईंनी सायकलच्या ट्यूबची पट्टी केनेवेच्या मुठीभोवती आवळली, आत ब्रश नीट बसलाय का ते पाहिलं आणि त्या मुठीवर स्वतःचा हात ठेवला. आधी घोड्याचा कान, मग मान. केनेवे तेरा वर्षांची, चाकाच्या खुर्चीत बसणारी. तिचा हात तिचं ऐकत नसे. कधी हिसका देई, कधी ताठ होऊन बसे. बाईंच्या तळव्याखाली मात्र तो गरीब गाईसारखा चालायचा.

घोडा झाला, वरचा स्वार झाला. पिवळ्या रंगात ब्रश बुडवून पिन काढायची वेळ आली तेव्हा मुठीला झटका बसला आणि ब्रश स्वाराच्या छातीकडे ओढला गेला. बाईंनी तो अलगद सावरून उजव्या खांद्यावर नेला. पुरुषांच्या घोंगडीची पिन तिथेच असते. दर वेळी नेमक्या इथेच हात बिथरतो याचं त्यांना थोडं नवल वाटलं.

दारात मुख्याध्यापक सेखोन्याना सर येऊन उभे होते.

"शुक्रवारी मासेरूहून पाहुणे येतायत, बाई. केनेवेनं त्यांच्यासमोर हाच स्वार काढायचा. कॅलेंडरवरचा."

"समोर?"

"मग काय पाठीमागे? त्या चित्रावर भाळून तर त्यांनी ही खोली करून दिली. आता त्यांना डोळ्यांनी बघायचंय. खूश झाले तर खोली राहिली. नाहीतर मक्याची पोती आहेतच, वाट बघत बसलीयत व्हरांड्यात."

ते हसत निघून गेले. खोली मुळात कोठाराची. एकच खिडकी, तिला गज. खुर्च्या आत याव्यात म्हणून दार रुंद केलेलं, टेबलं विटांवर चढवलेली. न दिसणाऱ्या मुलांसाठी कागदावर सुतळी चिकटवून काढलेल्या आकृत्या भिंतीला टांगलेल्या. अपंग मुलांना चित्रकलेच्या तासाला अंगणात उन्हात बसवून ठेवायची पद्धत बाईंनी इथे मोडली होती. त्याच खोलीत आता त्यांचा जीव घुसमटत होता.

भिंतीवर कॅलेंडर होतं. घोडा, तपकिरी घोंगडीतला स्वार, खांद्यावर पिवळी पिन, खाली केनेवेचं नाव. चित्राला बक्षीस मिळालं, त्याचं कॅलेंडर झालं आणि ते लेसोथो देशभर गेलं होतं. "हात मी धरला होता," असं बाईंनी तेव्हा सरांना सांगितलं होतं. "धरावाच लागतो," सर म्हणाले होते, आणि ते खोटंही नव्हतं. प्रशिक्षणात तेच शिकवलं होतं: मुलाचा हात धरा आणि रोज थोडा थोडा सोडा. धरायचं बाई चांगलं शिकल्या. सोडायचं मात्र आधी बक्षिसामुळे राहिलं, मग कॅलेंडरमुळे, मग खोलीमुळे.

बुधवारी त्यांनी मनाचा हिय्या करून पकड ढिली केली. केनेवेचा हात कागदावर मेल्यासारखा पडून राहिला.

"चालव ना गं."

"तुम्ही... चालवा." प्रत्येक शब्दाआधी तिची मान वळायची, ओठ शोधाशोध करायचे.

"मी का? हात तुझा आहे ना?"

"मी... सैल सोडते. ताठ झाला की... तुम्हाला जड जातं."

बाईंनी तिच्या मुठीवरची पट्टी सोडली. हात सुधारतोय, असं त्या वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या. केनेवेच्या आईलाही फाटकात सांगितलं होतं. ती दर सत्राला खिंड ओलांडून घोड्यावर यायची, लेकीला घोंगडीत स्वतःशी बांधून. ते ऐकून घोड्यावर बसल्या बसल्याच तिचे डोळे भरून आले होते. बाईंना आता स्वतःची लाज वाटली. आपण पोरीला शिकवत होतो की पोर आपल्याला सांभाळून घेत होती?

त्या रात्री ताटातली मक्याची उकड तशीच ठेवून त्या हिशेब मांडत बसल्या. हात धरला, तर घोडा उमटेल, खोली राहील, आणि केनेवेचा हात जन्मभर कुणाच्या तरी हाताखाली निमूट पडून राहील. सोडला, तर सगळी मुलं पुन्हा अंगणात.

शुक्रवारी खोली माणसांनी भरली. पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या, छातीशी घोंगडी पिनेने जुळवलेल्या. त्या पुढच्याच खुर्चीवर बसल्या. सर मागे दार लावून उभे राहिले.

मापालेसाबाईंनी पट्टी आवळली. हात मुठीवर ठेवला. आणि त्यातला सगळा जोर काढून घेतला.

मूठ हलली नाही. ब्रशवरून तपकिरी थेंब कागदावर पडला. कुणीतरी खोकलं.

केनेवेने मान वळवली. "बाई... हात दुखतोय?"

"नाही गं. तू चल, मी येते."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मुठीला हिसका बसला आणि एक तपकिरी फराटा कागदभर गेला. बाईंचा हात त्याच्याबरोबर फरफटला, पण त्यांनी तो आवरला नाही. दुसरा फराटा, तिसरा. घोडा नाही, डोंगर नाही. एक मोठा वेडावाकडा ढीग, त्याच्या पोटात दुसरा लहान ढीग. सरांचा चेहरा उतरत गेला.

"पिवळा," केनेवे म्हणाली.

बाईंनी ब्रश धुऊन पिवळ्या रंगात बुडवला. हात थरथरत निघाला, भलतीकडे गेला, परत आला. घामाने तिचं कपाळ ओलं झालं होतं. शेवटी मोठ्या ढिगाच्या बरोबर मधोमध, छातीवर, एक पिवळा ठिपका बसला.

"अगं, पिन खांद्यावर," सर न राहवून म्हणाले. "गडीमाणूस छातीवर लावतो का कधी?"

"गडी... नाही." केनेवेने श्वास घेतला. "आई. आत... मी."

बाईंनी डोळे मिटले. दर वेळी छातीकडे ओढला जाणारा तो हात त्यांना आपल्या तळव्यात पुन्हा जाणवला.

वयस्क पाहुण्या वाकून कागद न्याहाळत होत्या. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "पण बाळ, कॅलेंडरवर तर पुरुष आहे. खांद्यावर पिन."

सगळ्यांच्या नजरा मापालेसाबाईंकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं, पण केनेवेचे शब्द आज आधी पोचले.

"तो... बाईंनी काढलाय," ती म्हणाली. "छान... काढलाय."

आणि ब्रश धुऊन घ्यायला तिने मूठ पुढे केली.

"आता घोडा."