येन काकांचं थांबणं

"ताई, आजोबा सकाळपासून जेवले नाहीत," फोनवर येन काकांच्या नातीचा, यी-फानचा आवाज कोरडा होता. "लोक वेबसाइटवर त्यांच्या आठवणीखाली काय काय लिहितायत ते शेजारणीनं त्यांना वाचून दाखवलं."

पंघू बेटांवरच्या म्हाताऱ्या मच्छीमारांच्या आठवणी पेइ-चुननंच रेकॉर्ड केल्या होत्या, वेबसाइटवरही तिनंच चढवल्या होत्या. बेटांवर रेंज जेमतेम. फाइल जड झाली, की लोक ऐकण्याआधीच कंटाळून निघून जात. म्हणून ती वाऱ्याची घरघर पुसून टाकी आणि शब्द स्वच्छ ऐकू येतील एवढाच आवाज ठेवी. कुणी बोलत नसेल तो भाग कापायचा, असं वेबसाइट चालवणाऱ्या लिन साहेबांनी बजावलं होतं. मूळ फाइलीही ते पुसायला लावत. जागा अडते म्हणे.

येन काकांची नाव वादळात उलटली तेव्हा सोबत त्यांचा मुलगा होता, यी-फानचा बाप. "माझ्या हातून त्याचा हात सुटला," असं म्हणून काका थांबले होते. फार वेळ थांबले होते. पेइ-चुनला मान वर करवली नव्हती. मग ते म्हणाले होते, "घरी आलो. जेवलो."

वेबसाइटवर ही वाक्यं एकमेकांना चिकटून आली. शब्द न् शब्द स्वच्छ. हा बाप आहे की दगड, असं लोकांनी लिहिलं.

मध्ये थोडी शांतता घालून टाक, कुणाला कळतंय, असं साहेब म्हणाले. तिनं घालून पाहिली. ती नुसती पोकळी होती, तिच्यात माणूस नव्हता. शेवटी ती बोटीनं बेटावर गेली.

काका अंगणात समुद्रातून आणलेली माकळं वाळत घालत होते. तिनं माफी मागितली, पुन्हा एकदा सांगाल का म्हणून विचारलं.

"पोरी, मी तेव्हा एवढा वेळ गप्प होतो. तुला ऐकू आलं नव्हतं?"

"आलं होतं, काका."

"मग काढून टाकलंस कशाला?"

तिनं रेकॉर्डिंगचं मशीन चालू केलं. काका समोर येऊन बसले. "माझ्या हातून त्याचा हात सुटला, घरी आलो, जेवलो," एका दमात म्हणाले. "झालं?"

तिनं मशीन बंद केलं नाही. तेव्हाची ती शांतता पुन्हा येईल म्हणून ती वाट बघत राहिली. काका उठले आणि माकळं उलटी करायला लागले. दारात उभी असलेली यी-फान आत निघून गेली.