पाच वाजून एक मिनिट

मित्रांनो, मी हजेरीचे घड्याळ आहे. काचेला तडा गेला आहे, रंग उडाला आहे, पण वेळ मी आजही चोख दाखवते. त्याचा मला फार अभिमान होता. आता तो राहिलेला नाही. का, ते ऐका.

बांगलादेशातल्या नारायणगंजच्या एका शर्टांच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ मला टांगले. माझ्या तोंडात हजेरीचे कार्ड घातले की मी टण् करून त्यावर वेळ छापत असे. सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची होती. सकाळी आठला बायका रांगेत उभ्या राहत. कुणी चुरमुरे खात असे, कुणी ओढणीने माझी काच पुसत असे. काम पाचच्या पुढे गेले तर ते जादा तासही मी छापत असे, आणि कायद्याप्रमाणे त्या तासांची मजुरी दुप्पट मिळे. "माणूस विसरेल, हे घड्याळ नाही विसरायचं," असे कॉलर शिवणारी आलेया सगळ्यांना सांगे. तेव्हा मी फुगून जाई.

मग परदेशातून माल घेणाऱ्यांची माणसे तपासणीला येऊ लागली. एवढे जादा तास त्यांना कार्डावर नको होते. मालकाला ते तास सोडायचे नव्हते, आणि दुप्पट मजुरी तर मुळीच द्यायची नव्हती. म्हणून ठरले की पाचला सगळ्यांनी कार्ड छापायचे आणि पुन्हा मशीनवर बसायचे. पुढच्या साडेतीन तासांची नोंदच नाही. महिनाअखेरीस शिलाईच्या लाइनचा मुकादम मोतालेब मनाला येईल तेवढे टाका, म्हणजे तिकडचे रुपये, बायकांच्या हातावर टेकवी.

पण लाइनमधल्या तीस बायका उठून रांगेत गेल्या की शिलाई थांबे, ठरलेले नग पुरे होत नसत आणि घरी जायला आणखी उशीर होई. त्यावर बायकांनीच तोड काढली. मोमेना सगळ्यांत चपळ. पाचला ती एकटी तीस कार्डांचा गठ्ठा घेऊन धावत येई. टण् टण् टण्, मिनिटभरात सगळी कार्डे छापून मोकळी! मैत्रिणींचा वेळ वाचवल्याचा तिला कोण आनंद.

"आलेया आपा, तुझंही झालं गं," ती लांबूनच ओरडे. "कागदावर तू घरी पोचलीस, आता चहा टाक!"

सगळी लाइन हसे. खरे सांगते मित्रांनो, मला लाज वाटे.

आलेयाची मुलगी तुली सात वर्षांची, बरिशालकडच्या गावी आजीजवळ वाढत होती. वर्षातून दोनदा, ईदला, तेवढी मायलेकींची भेट. एका ईदनंतर आलेया परतली ती दिवसभर मान खाली घालून कॉलर शिवत राहिली.

"पोरगी मला खाला म्हणाली गं, मावशी!" शेवटी तिने मोमेनाला सांगितले. "आई म्हणते ती आजीलाच."

जादा तासांचे हक्काचे पैसे मिळाले तर स्वतंत्र खोली घेऊन तुलीला जवळ आणता येईल, हे तिच्या मनाने घेतले. जेवणाच्या सुट्टीत ती मोतालेबसमोर उभी राहिली.

"मोतालेबभाई, माझ्या दोन वर्षांच्या जादा तासांचे पैसे द्या. कायद्याने दुप्पट होतात."

"कुठले तास?" तो दात कोरत म्हणाला. "कार्ड बघ की तुझं. बेगमसाहेबा रोज पाचच्या ठोक्याला घरी! उलट मीच तुला विचारायला हवं, एवढी कसली घाई असते म्हणून."

आठवड्याच्या आत तिला कामावरून काढले. आलेया कामगार न्यायालयात गेली.

कारखान्याने मला भिंतीवरून उतरवले आणि पुराव्यासाठी तिकडे नेले. मिस्त्रीने माझे पोट उघडून पाहिले आणि शपथेवर सांगितले, "हे घड्याळ कधी चुकत नाही." जन्मभर मला हीच शाबासकी हवी होती. त्या दिवशी वाटले, स्प्रिंग तुटून इथेच बंद पडावे.

मग मोमेनाला उभे केले. आलेयाचे कार्ड पाचला कोण छापत होते, असा प्रश्न होता. मोमेनाचा नवरा सायकलरिक्षा उलटून अंथरुणाला खिळला होता, पदरी दोन पोरे होती, आणि मागच्या बाकावर मोतालेब बसला होता.

"तीच छापायची," मोमेना जमिनीकडे बघत म्हणाली. "छापून घरी जायची."

मला ओरडावेसे वाटत होते. अहो, बाकीची एकोणतीस कार्डे मागवा! सगळ्यांवर पाच वाजून एक मिनिट आहे, रोजच्या रोज. तीस बायका एका मिनिटात एका घड्याळासमोरून जातील कशा? पण न्यायाधीशांपुढे एकट्या आलेयाचे कार्ड होते, आणि त्यात काही खोट दिसत नव्हती. आलेया हरली.

मला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ठेवले होते. मोमेना रडत आली. "आपा, हवं तर मार मला, पण बोल काहीतरी."

आलेयाने ओढणीने तिचे डोळे पुसले. "तुला कशाला मारू? रोज कार्ड तुझ्या हातात मीच तर द्यायचे."

पुढे तिला आसपासच्या एकाही कारखान्याने दारात उभे केले नाही. शेवटी ती सौदीला घरकामाला गेली. लेकीला जवळ आणायला निघालेली बाई समुद्रापार गेली. मला परत त्याच भिंतीवर टांगले होते, म्हणून हे रांगेतल्या बायकांच्या बोलण्यातून कळले.

आलेया विमानात बसली त्या दिवशी पाचला मोमेना नेहमीसारखा गठ्ठा घेऊन आली. आलेयाच्या जागी आलेल्या बाईचे धरून एकोणतीस कार्डे छापली. स्वतःचे मात्र हातात घट्ट धरून परत मशीनवर जाऊन बसली. साडेआठला सगळ्यांच्या देखत उठली आणि ते माझ्या तोंडात घातले. मी छापले, आठ वाजून बत्तीस मिनिटे. कुणी हसले नाही. सकाळी मोतालेबने ते कार्ड फाडले आणि मोमेनाच्या जागी दुसरी बाई बसली.

मित्रांनो, जुनी घड्याळे तुमच्याकडे तेलाचा थेंब मागतात, धूळ पुसा म्हणतात. मला ते काही नको. उद्या तुमच्यातले कुणी वकील होतील, कुणी न्यायाधीश. माझ्यासारख्याने छापलेले कार्ड तुमच्यासमोर आले तर मी चोख आहे म्हणून विश्वास ठेवू नका. ज्या बाईचे कार्ड आहे तिला विचारा. तिच्या मैत्रिणीला विचारा. आणि विचारताना मोतालेबला तेवढे बाहेर बसवा.