माझं तिसरं बोट

जरा मान वर करा. अजून वर. हां, आता दिसलो ना? मी टायरॅनोसॉरस बोलतोय. बारा फूट उंच, केळ्याएवढे दात आणि खाणं म्हणजे फक्त मांस. खरं सांगायचं तर मी आजवर काहीच खाल्लेलं नाही, कारण माझ्या पोटात लोखंडी सळ्या आणि तारेची जाळी आहे, वरून फायबरचं कातडं. पण रुबाब बघा!

माझा जन्म एका मूर्तिकाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. संग्रहालयाने त्यांना माझं एकच चित्र दिलं होतं, तेही एका बाजूने काढलेलं. त्यात माझे पुढचे हात धड दिसतच नव्हते. मूर्तिकार अडले. शेडबाहेर शेजाऱ्यांची कोंबडी दाणे टिपत होती. तिच्या पायांकडे ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पुढे तीन. झालं तर मग!" अशी माझ्या एकेका हाताला तीन-तीन बोटं आली.

मग मी या दालनाच्या मधोमध येऊन उभा राहिलो, तो तीस वर्षं हललो नाही. या काळात मी माणसं पुष्कळ पाहिली. माझी इतकी भीती वाटते म्हणतात आणि फोटोसाठी माझ्याकडेच पाठ करून उभी राहतात. एक बाबा तर आपल्या लेकराला म्हणाले, "भाजी संपवली नाहीस तर हा येईल हं!" भाजीशी माझा काय संबंध? फुकटची बदनामी.

आणि मग ती आली. तिकीट खिडकीवरच्या बाईंची मुलगी, दुसरीतली. शाळा सुटली की आईचं काम संपेपर्यंत ती माझ्यासमोर फरशीवर फतकल मारून बसायची. आईची खिडकी तिकिटांची आणि हिचे प्रश्न संपायचेच नाहीत, म्हणून सगळे हिला 'चौकशी' म्हणायचे. "हा पोहायचा का? याला ताप यायचा का? झोपताना एवढं डोकं कुठे ठेवायचा?" आई वैतागायची. "गणिताच्या वहीत परत डायनोसॉर? बाई ओरडल्या तर माझ्याकडे येऊ नकोस."

मला ती फार आवडायची. तीस वर्षांत मला बघून पुष्कळ लोक गेले, पण माझ्याकडे नीट बघितलं ते हिनेच.

एका दुपारी ती वाचनालयातून जाडजूड पुस्तक घेऊन आली. पानाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, पुन्हा पानाकडे. तीनदा मोजलं. तिचा चेहरा पडला. तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब तिथून चालले होते.

"काका, याच्या एकेका हाताला एक बोट जास्त आहे. दोनच पाहिजेत."

साहेब हसले. मग त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि हसू विरलं. कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "चुकीची माहिती देणारी वस्तू इथे नको. हे जनावर भंगारात काढा, याच्या जागी चित्रफिती दाखवणारा मोठा पडदा लावू."

भंगारात? मला? केळ्याएवढ्या दातांसकट?

चौकशी आईच्या पदरात तोंड खुपसून रडली. "मी बोलायलाच नको होतं गं! माझ्यामुळे त्याला टाकून देणार."

आईने तिचं नाक पुसलं. "खरं तेच बोललीस ना? मग रडू नकोस. ज्यांनी बनवलाय त्यांनाच बोलावू या." आणि तिने तिथूनच मूर्तिकारांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मूर्तिकार आले. केस पार पांढरे झालेले, राग मात्र अजून नाकावर. "कोण म्हणतं चुकलंय? तीस वर्षं हजारो लोकांनी बघितला, एकाची तक्रार नाही!"

चौकशी आईच्या मागे अर्धी लपली होती. तिथूनच तिने पुस्तक पुढे केलं. "आजोबा, कुणी मोजलंच नसेल."

मूर्तिकारांनी पुस्तक हातात घेतलं. चष्मा लावून त्यांनी चित्रातली बोटं मोजली, मग माझी. मग खो खो हसायला लागले. "कोंबडीवर विश्वास ठेवला हो मी!" साहेबांकडे वळून म्हणाले, "दोन बोटांपायी अख्खं जनावर कशाला टाकता? मला आजचा दिवस द्या."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "संध्याकाळपर्यंत. नीट झालं नाही तर उद्या गाडी बोलावतो."

मूर्तिकारांनी पिशवीतून करवत काढली आणि खडू चौकशीच्या हातात दिला. "खूण तू करायची. चूक तू पकडलीस."

ती स्टुलावर चढली. माझ्या पंज्याशी तोंड नेऊन तिने हळूच विचारलं, "दुखणार नाही ना रे?" मी अजिबात घाबरलो नव्हतो. बरं, थोडासा. पण तिने रेघ सरळ मारली आणि करवत चालू झाली. एक बोट पडलं, मग दुसऱ्या हाताचं. मूर्तिकारांनी जखमा बुजवल्या, घासल्या, रंगवल्या. संध्याकाळी साहेबांनी स्वतः मोजलं. "एक, दोन. एक, दोन. राहू दे."

माझा जीव भांड्यात पडला. चौकशी तर माझ्या पायाला मिठी मारून नाचली.

आता ती चौथीत आहे आणि मी इथेच, ताठ. गेल्या आठवड्यापासून मात्र ती माझ्या मागे जाऊन उभी राहते. माझी शेपटी फरशीवर टेकलेली आहे आणि तिच्या नव्या पुस्तकात म्हणे ती हवेत असते. काल तिने मूर्तिकार आजोबांना फोन करून विचारलंसुद्धा, "आजोबा, शेपटी उचलता येईल का हो?"

येऊ देत आजोबा करवत घेऊन. माझी तयारी आहे. आणि तुम्ही, फोटो काढून झाला असेल, तर माझ्याकडे तोंड करा आणि एकदा नीट बघा मला. चूक सापडली तर बेलाशक सांगा. बोटं गेल्याचं मला दुःख नाही. तीस वर्षं ती कुणी मोजलीच नाहीत, ते मात्र मनाला लागलं होतं.