हौद्यावरचं बिऱ्हाड

ऑर्व्हिलनं विकायला काढलेला जुना कॅम्पर, म्हणजे ट्रकवर बसवायची फिरती खोली, त्याच्या कोठारामागे चार लोखंडी पायांवर उभा होता, आणि वेंडल कॅम्परच्या भिंती अंगठ्यानं दाबून बघत होता. खरबूज पिकलंय का बघावं तसं. त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, कपाळाला हात लावला.

"मऊ लागली की समजायचं, आत पाणी मुरलंय," वेंडल म्हणाला.

"आणि कडक लागली तर?"

"तर मग छपराचा संशय."

कितव्यांदा हे चाललं होतं देव जाणे! कॅम्पर घ्यायचा, ट्रकच्या हौद्यात बसवायचा आणि मोंटाना मागे टाकून थेट पश्चिमेच्या समुद्रापर्यंत जायचं, हे वेड नवऱ्यानंच तिच्या डोक्यात घातलं होतं. आर्डिसचा जन्म गव्हाच्या शेतांत गेलेला. समुद्र तिनं पाहिलाच नव्हता. अंथरुणात पडल्या पडल्या लाटा ऐकायच्या, एवढंच तिचं मागणं होतं. पण वेंडल कशाचाही कीस काढल्याशिवाय राहील तर शपथ. कॅम्पर घेतला तर हॉटेलं शोधायला नकोत, पण डिझेल जास्त. शेगडी घरची, पण ट्रक दबणार. आधी बघितलेल्यांपैकी एकाचे पाय गंजलेले निघाले, एकाचं दार भलत्याच बाजूला. दर वेळी हा आत शिरायचा, ट्रकच्या केबिनच्या टपावर येणाऱ्या वरच्या गादीवर चढून आडवा व्हायचा, मोजमाप घ्यायचा. आर्डिसचं काम ठरलेलं. बाहेर उभी राहा, ट्रक मागे घेताना खुणा कर, किती दबतो ते सांग. आत येऊन बघ, असं तिला कुणी कधी म्हटलंच नाही.

आज वारा बोचरा होता आणि गुडघे ठणकत होते. वेंडल ट्रकखाली वाकलेला बघून ती सरळ कॅम्परची पायरी चढून आत गेली.

आत तिला बरं वाटलं. छोटी शेगडी, दोन बाकं, मधे टेबल, ऑर्व्हिलच्या बायकोनं शिवलेले पडदे. बिचारी गेल्या वर्षी वारली. आर्डिसनं वरच्या गादीकडे बघितलं, बाकावर एक पाय ठेवला आणि दुसरा उचलला. गुडघा वाकेना. तिनं पुन्हा जोर केला. छे.

वेंडल मोजपट्टी घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं.

"मागच्या उन्हाळ्यात चढले असते," आर्डिस म्हणाली. "तेव्हा तू लोखंडी पायांचा गंज तपासत होतास. माझ्या पायांचं कोण बघणार होतं?"

वेंडलनं गादीच्या उंचीवर नजर टाकली. "मग हा राहू दे. खाली पलंग असलेला बघू एखादा."

"बघ, बघ. तोवर मला ही पायरीसुद्धा जमायची नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. तिनं खिडकीतून बाहेर उभ्या ऑर्व्हिलला हाक मारली. "ऑर्व्हिल, हा आम्ही नेतोय."

ऑर्व्हिल दाराशी आला. "टेबल खाली उतरतं," तो हळूच म्हणाला. "त्यावर बाकाच्या गाद्या घातल्या की एका माणसाची सोय होते. माझी बायको शेवटी शेवटी तिथंच झोपायची. मी वर." एवढं बोलून तो उगाच कोठाराकडे निघून गेला.

वेंडलनं मोजपट्टी खिशात टाकली. टेबल उतरवलं, गाद्या अंथरल्या, तिला हाताला धरून झोपवलं. आर्डिसला वाटलं, आता हा वर चढणार. पण तो गुडघे टेकून खाली बसला आणि तिच्या शेजारी जमिनीवर आडवा झाला. अंग कसंबसं मावलं. बुटांसकट पाय दाराबाहेर राहिले.

"दार उघडं ठेवावं लागेल," तो म्हणाला.

"डास येतील."

वेंडल छताकडे बघत राहिला. फायदेतोटे त्याला तोंडपाठ होते, आणि हा तोटा काही लहान नव्हता.

"येऊ देत," तो म्हणाला.