हॅलोबाईंची ड्युटी

सगळं गाव तिला हॅलोबाई म्हणायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं बोर्डावर बसलेली बाई. लोक तिला नंबर सांगायचेच नाहीत. "बाई, जावयाला लावा," म्हणायचे. आणि कोणाचा जावई कुठे असतो, सध्या सासऱ्याशी बोलतो की नाही, हे तिला तोंडपाठ असायचं. पण ऐकलेलं तिनं कधी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

ती जाऊन तीन दिवस झाले होते. भेटायला येणारा जो तो लेकीला हेच सांगत होता. लेक मान डोलवत होती, चहा देत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. तिच्या मनात एकच दुपार रुतून बसली होती. ती दहा वर्षांची असतानाची. खाणीत दरड कोसळली, त्यात बाबा गेले. आईला ते साडेबाराला कळलं आणि आई घरी आली संध्याकाळी सहाला. तोवर लेक शेजारणीच्या ओट्यावर बसून होती. मोठेपणी एका भांडणात ती बोलून गेली होती, "नवरा गेल्याचं कळूनही तू बोर्डावरून उठली नाहीस. तुला काळीज आहे का?"

"ड्युटी होती," आई एवढंच म्हणाली. पुढची वीस वर्षं दोघींचं बोलणं तब्येतीपुरतं, हवापाण्यापुरतं.

दुपारी काठी टेकत लाईनमनकाका आले. आईबरोबर नोकरी केलेल्यांपैकी तेवढे एकच उरलेले.

"त्या दिवशी मी तिथेच होतो," चहा हातात घेऊन ते म्हणाले. "खाणीवरून हेड ऑफिसला गेलेल्यांची नावं कळवत होते. लाईन खराब, पलीकडे काही ऐकू जाईना. म्हणून तुझी आई मध्ये बसून एकेक नाव मोठ्यानं पुढे सांगत होती. पाचवं नाव तुझ्या बाबांचं. तेही तिनं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाली, पुढचं बोला."

लेक स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मी म्हटलं, बाई, उठा, मी बसतो. तर म्हणते, तुम्हाला नंबर कुठे पाठ आहेत? दुसरी ऑपरेटर रजेवर होती. खाणीत माणसं अजून जिवंत होती. डॉक्टर, क्रेन, शेजारच्या गावचं हॉस्पिटल, सगळं त्या एका बोर्डावरून. तिचे हात असे थरथरत होते की बोर्डाच्या भोकात पिन बसेना. शेवटी मी तिचं मनगट धरून ठेवलं. पाच तास, पोरी. अकरा माणसं जिवंत निघाली."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

काकांनी कप खाली ठेवला. "मी म्हटलं होतं तिला, सांगून टाका एकदा. ती म्हणाली, पोरीला कोणावर तरी रागवायला हवं. बाप तर गेला. माझ्यावर रागवू दे, मी आहे अजून."

काका निघाले तेव्हा ती त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. परत येताना पायरीवरच बसली. बराच वेळ ती आत आली नाही म्हणून मावशी बाहेर डोकावली. बघते तर ही गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडतेय.

"काय गं, काय झालं?"

"मावशी," ती म्हणाली, "आई गेली गं."