शिपाई थ्रॉल, हजर

यादवी युद्ध संपून बावीस वर्षं झाली, तेव्हा कुठे आमच्या विस्कॉन्सिनच्या स्वयंसेवक पलटणीचा इतिहास छापायला निघाला. लिहीत होते सार्जंट वीम्स. लढाईत त्यांचा नेम कधी लागला नाही, पण हजेरीपट जिवापाड जपलेला.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा आमच्या पलटणीतल्या लॉरिन थ्रॉलची बहीण फिलीना आली. "भाऊ युद्धातून परतलाच नाही. त्याच्या नावाच्या दगडावर तारीख कोरायचीय. तो गेला कधी, तेवढं लिहा."

"बाई, तो गेलाच नाही. शेवटच्या दिवसापर्यंत हजर आहे."

माझ्याच्यानं राहवेना. "सार्जंट, तो व्हिक्सबर्गच्या वेढ्यातच गेला. एकोणीस जून. आम्ही दोघं न विचारता ब्लॅकबेरी तोडायला गेलो होतो. त्याला गोळी लागली. मी त्याला ओढ्याकाठी पुरलं. सांगितलं असतं तर त्याच्या नावापुढे 'पळपुटा' लागलं असतं. म्हणून हजेरीला त्याच्या वतीनं मीच ओ देत राहिलो."

"गाढवा!" वीम्सनी पटाची पानं उलटली. मग थांबले. "पण जुलैत तू पाय मोडून दवाखान्यात गेलास. परत आलाच नाहीस."

"हो."

"मग पुढची दोन वर्षं?"

"हजेरी तुम्ही घेत होतात."

"आवाज यायचा की! रांगेच्या जरा मागून. अख्खं जॉर्जिया चालला, एक दिवस आजारी नाही. मी त्याची बढतीसाठी शिफारस केली होती, लेका."

"मिळाली?"

"कॅप्टन म्हणाला, चेहरा आठवत नाही."

फिलीना हसली नाही. "नाव पुकारा," ती म्हणाली.

"अहो बाई..."

"पुकारा."

वीम्स उभे राहिले, कोटाची बटणं लावली. "थ्रॉल, लॉरिन!"

सवयीनं माझं तोंड उघडलं. तिनं हातमोज्यासकट हात माझ्या तोंडावर दाबला. "तुम्ही गप्प बसा. पुष्कळ बोललात."

आम्ही थांबलो. खाली रस्त्यावरून पिंपांची गाडी गेली. ती पार लांब जाईपर्यंत थांबलो. कोणी ओ दिली नाही.

वीम्सनी टाक बुडवून लिहिलं: मृत्यू, १९ जून १८६३. कागद तिच्यापुढे सरकवला. हवं होतं ते मिळालं होतं तिला. तिनं तारीख दोनदा वाचली, माझ्या तोंडावरचा हात काढला नाही.

"सार्जंट," ती म्हणाली, "अजून एकदा. जरा मोठ्यानं."