पलंगाखालचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना वाडगा आहे. इनॅमलचा, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला, पांढऱ्या लेपात बुडवले आणि भट्टीत भाजले. नवा होतो तेव्हा इतका चकचकीत होतो, की दुकानात आलेली माणसे माझ्यात तोंड पाहून घेत.

एका आजींनी मला घरी आणले. पंचवीस वर्षे त्यांनी माझ्यात पीठ मळले, शेंगा सोलल्या. आल्यागेल्याला त्या ऐकवायच्या, "असा वाडगा आता मिळत नाही हो!" मग एकदा मी फरशीवर आपटलो आणि काठाचा टवका उडाला. पुढे आजी गेल्या. कानामागून आलेली स्टीलची भांडी तिखट झाली. माझी रवानगी मोरीत झाली, फरशी पुसायच्या फडक्यांजवळ. तिथे मी किती वर्षे पडून होतो, मलाही आठवत नाही.

आजींचा मुलगा कुलपे दुरुस्त करायचा. त्याची बायको शहरातली बस चालवायची. त्यांना दीड वर्षाचा मुलगा होता. चालताना तो चारदा आपटायचा आणि पाचव्यांदा टाळ्या वाजवायचा. सगळे त्याला टिल्लू म्हणत.

एका रात्री साडेदहाच्या सुमारास टिल्लू झोपेतून उठला आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. एक झाली, दोन झाल्या, थांबेनातच. आई ड्यूटीवर होती. बापाने हाताला लागेल ते भांडे उचलले, तो नेमका मी. टिल्लूचे ओठ पांढरे पडले, मान बापाच्या खांद्यावर लुळी पडली. आणि सकाळी? सकाळी हा पठ्ठ्या चेंडू मागत होता, जसे काही झालेच नाही!

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तेव्हापासून माझी जागा मोरीतून पलंगाखाली आली, रात्री हाताशी असावा म्हणून. ताप नाही, अंगावर पुरळ नाही, दिवसा काही नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी औषध दिले, पण गुण येईना. बाप म्हणायचा, "कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडतो मी. पण ह्याला काय होतंय तेच उलगडत नाही."

वरच्या मजल्यावर टिल्लूची आत्या राहायची. मनाने वाईट नव्हती, पण एक दिवस बोलून गेली, "बघ वहिनी, तू संध्याकाळच्या ड्यूटीला गेलीस की त्याच रात्री होतं हे. लेकरू आईवाचून झुरतंय."

ते खरेच होते. प्रत्येक वेळी आई ड्यूटीवरच होती.  त्या रात्री तिने माझ्याशेजारी बसून राजीनामा लिहिला आणि घडी करून उशीखाली ठेवला.

दोन दिवसांनी तिची बस बिघडली आणि ती आठ वाजताच घरी आली. बापाने टिल्लूला नुकतेच जेवू घातले होते. तिने त्याला कुशीत घेतले, गाणी म्हटली. तो तिच्या दंडावर डोके ठेवून झोपला. आणि साडेदहाला उलट्या सुरू झाल्या.

मला दोन्ही हातांनी धरलेली ती एकदम म्हणाली, "अरे, मी घरी आहे. त्याच्या शेजारी आहे. तरी झालं!" आणि ती रडू लागली. ते रडणे भीतीचे होते की सुटकेचे, कोण जाणे.

टिल्लू अगदीच गळून गेला, तसे ते त्याला घेऊन इस्पितळात धावले. मी आईच्या मांडीवर होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावले, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आज आई घरी होती, तरी झालं. मग दर वेळेसारखं आज काय होतं?"

बाप विचार करू लागला. "मी भरवलं. एरवी रात्री ही भरवते. मी भरवतो तेव्हा मऊ भातात अंडं कालवतो. रात्रभर पोट भरलेलं राहावं म्हणून."

"काही लहान मुलांच्या पोटाला एखादा पदार्थ सोसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन-तीन तासांनी अशा उलट्या होतात. मला तसंच वाटतंय. अंडं आजपासून बंद. थोडा मोठा झाला की सोसेलही, पण ते इथं माझ्यासमोर बघू, घरी नाही."

"म्हणजे मीच त्याला..."

"तुम्ही प्रेमानं घास भरवलात. त्यात काय होतं, ते तुम्हाला कसं कळणार?"

पहाटे घरी आल्यावर आईने राजीनामा फाडला. पण बाप आता चमच्याला हात लावेना. पुढच्या ड्यूटीच्या दिवशी आईने गणवेश चढवला आणि भाताची वाटी त्याच्या हातात दिली.

"नको. मी ताईला बोलावतो."

"माझ्या बसमध्ये माणसं निवांत डुलक्या काढतात," ती म्हणाली. "तसाच टिल्लू तुझ्या भरवशावर झोपतो. भरव."

त्याने भरवले. मग मला मांडीवर घेऊन तो पलंगाशी बसून राहिला. साडेदहा वाजले, अकरा वाजले. बाराला आई आली. तिने आधी माझ्यात डोकावून पाहिले. मी कोरडा होतो! भांड्याचा जन्म भरण्यासाठी, पण त्या रात्रीइतका आनंद मला भरलेला असताना कधी झाला नव्हता.

मित्रांनो, मी सगळे पाहत होतो, पण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते. घरातले लेकरू आजारी पडले, तर कोणाचे चुकले हे शोधत बसू नका. त्याने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि रात्रभर जागलेल्या आईबापांना उपदेश नको. त्यांना गरम चहा द्या, आणि तासभर झोपू द्या.